बिळातला शिकारी मांडीवर कसा आला?

हल्ली आपल्याकडे शहरातल्या फ्लॅटमध्ये टेरियर जातीची छोटी कुत्री बरीच दिसतात. लांब रेशमी केस, डोक्यावर बांधलेली रिबन, दिसायला अगदी बाहुली. आणि घरोघरी तक्रार एकच असते. "एवढंसं आहे, पण कुंड्यांतली माती उकरतं, बेल वाजली की घर डोक्यावर घेतं, सोफ्याखाली तोंड खुपसून तासन्‌तास बसतं. याला वळण कसं लावायचं?" वळणाचं नंतर बघू. आधी हे कुत्रं मुळात करत काय होतं, ते बघू.

टेरियर या नावातच त्याचं काम आहे. लॅटिन भाषेत 'टेरा' म्हणजे माती, जमीन. पहिल्या एलिझाबेथ राणीचे एक वैद्य होते, जॉन कीझ. त्यांनी १५७० साली ब्रिटनमधल्या कुत्र्यांवर लॅटिनमध्ये एक पुस्तक लिहिलं. कोल्ह्याच्या आणि बॅजरच्या बिळात शिरून त्यांना बाहेर काढणाऱ्या कुत्र्यांची नोंद त्यात आहे. आता विचार करा, अंधाऱ्या बिळात मालक बरोबर नसतो. काय करायचं ते कुत्र्याने स्वतःच ठरवायचं, माती उकरत पुढे जायचं, घाबरायचं नाही, आणि आपण कुठे आहोत हे वर उभ्या असलेल्या माणसाला भुंकून कळवायचं. आज आपण ज्याला हट्ट, उकरणं आणि भुंकणं म्हणतो, त्यासाठीच माणसाने पिढ्यान्‌पिढ्या ही कुत्री निवडून वाढवली.

आता यॉर्कशायरला जाऊ. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला इंग्लंडच्या या भागात लोकरीच्या आणि कापडाच्या गिरण्या जोरात होत्या. स्कॉटलंडचे विणकर पोटासाठी तिकडे आले आणि येताना आपली छोटी टेरियर कुत्री घेऊन आले. गिरणी म्हटली की उंदीर आलेच, हे गिरणगावात दिवस काढलेल्या बायकांना वेगळं सांगायला नको. उंदीर मारणारं, थोडं खाणारं आणि एका खोलीच्या बिऱ्हाडात मावणारं कुत्रं कामगाराला परवडत होतं. स्कॉटलंडची आणि तिथली कुत्री मिसळत गेली आणि त्यातून यॉर्कशायर टेरियर तयार झालं. त्याचे केस इतके मऊ आणि लांब, की हे कुत्रं मागावर विणलंय अशी थट्टा लोक करत.

या जातीचा मूळपुरुष मानतात तो 'हडर्सफील्ड बेन'. जन्म १८६५ चा. ब्रॅडफर्डच्या मिसेस फॉस्टर या बाईंनी त्याला सांभाळलं आणि ठिकठिकाणच्या प्रदर्शनांत नेलं. त्याने सत्तरहून जास्त बक्षिसं मिळवली. १८७१ साली गाडीखाली येऊन तो गेला, तेव्हा जेमतेम सहा वर्षांचा होता. पण त्याची पिल्लं आणि त्यांची पिल्लं श्रीमंतांच्या दिवाणखान्यात पोचली. गिरणीतला कामगार असा मांडीवरचा लाडका झाला. आकारही कमी करत आणला. आज ब्रिटनच्या नियमाप्रमाणे त्याचं वजन फार तर ३.२ किलो असावं लागतं.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. कुत्र्यांच्या जातींचे नियम ठरवणारा 'केनल क्लब' लंडनमध्ये १८७३ साली स्थापन झाला. घरोघरी कुत्र्यांचं खाणंपिणं, केस, बाळंतपणं बायका बघत होत्या, प्रदर्शनात बक्षिसंही मिळवत होत्या. पण त्या क्लबचं पूर्ण सभासदत्व बायकांना मिळायला १९७९ साल उजाडलं! फ्लॉरेन्स नेगल या ऐंशी ओलांडलेल्या बाईंनी त्यासाठी कायद्याची लढाई दिली. कष्ट बाईचे आणि निर्णय दुसऱ्याचा, ही गोष्ट आपल्याही ओळखीचीच आहे.

मांडीवर बसवलं म्हणून कुत्र्याचा स्वभाव बदलला का? दुसऱ्या महायुद्धातली 'स्मोकी' ऐका. १९४४ साली न्यू गिनीच्या जंगलात एका खड्ड्यात सापडलेली ही यॉर्कशायर टेरियर. वजन दोन किलोच्या आतबाहेर. बिल वाइन या अमेरिकन सैनिकाने तिला सांभाळलं आणि शिकवलं. १९४५ च्या जानेवारीत फिलिपिन्समधल्या एका विमानतळावर धावपट्टीखालून टेलिफोनची तार न्यायची होती. सुमारे ७० फूट लांब, आठ इंच रुंद पाइप, तोही जागोजागी मातीने भरलेला. धावपट्टी खणायची तर माणसं बॉम्बहल्ल्याच्या तोंडी उघड्यावर राहणार. स्मोकीच्या पट्ट्याला दोरी बांधली. वाइन दुसऱ्या टोकाला जाऊन हाका मारत राहिला. त्या आवाजाच्या भरवशावर ती अंधारातून आरपार आली. बिळात शिरायचं धाडस तिच्या रक्तातच होतं, पण हाकेला यायचं हे तिला माणसाने प्रेमाने शिकवलं होतं.

मैत्रिणींनो, वळण लावायचं ते असं. उकरणं मारून थांबत नाही. मातीची एक जुनी कुंडी त्याच्यासाठीच ठेवा, खाऊ लपवून शोधायला लावा. हाकेला आलं की लगेच शाबासकी आणि घासभर खाऊ द्या. आल्यावर कधीही रागावू नका, नाहीतर पुढच्या वेळी ते येणार नाही. गळ्याची नळी नाजूक असते, म्हणून फिरायला नेताना गळपट्ट्याऐवजी छातीचा पट्टा वापरा. केस रोज विंचरा, दात घासा. उन्हाळ्यात सकाळी लवकर किंवा संध्याकाळीच बाहेर न्या. कांदा, मनुका, चॉकलेट त्याला विषासारखं आहे. उंदरामागे धावणारच, म्हणून घरात उंदराचं औषध ठेवू नका. रेबीजबरोबर लेप्टोची लसही डॉक्टरांना विचारून वेळेवर द्या.

आणि पिल्लू आणण्याआधी घरातल्या सगळ्यांनी एकत्र बसून ठरवा, की हे काम कोण कोण करणार. ही कुत्री बारा-पंधरा वर्षं जगतात. तेवढी वर्षं सगळं एकट्या आईच्याच गळ्यात पडणार असेल, तर थांबा. कंटाळून रस्त्यावर सोडलेलं टेरियर तिथे टिकत नाही. बिळात एकट्याने लढणारा हा प्राणी आपण माणसांनीच एवढासा केला, मांडीवर घेतला. आता त्याला शेवटपर्यंत सांभाळणं हे आपलंच काम.