हजेरीपटावरील उरलेली नावे

काही महिन्यांपूर्वी नवापूर येथे एका वर्गाचा स्नेहमेळावा भरला होता. १९७५ साली शालान्त परीक्षा दिलेल्या विद्यार्थ्यांनी पन्नास वर्षांनंतर एकत्र यावे, गुरुजनांचे स्मरण करावे आणि एकमेकांची विचारपूस करावी, एवढाच साधा बेत होता. आमच्या परिचयाचे एक वडीलधारे गृहस्थ त्याच वर्गातले. त्यांच्या आग्रहावरून आम्हीही गेलो. हार, श्रीफळ, मनोगते, भोजन असा सारा कार्यक्रम रीतसर पार पडला. तथापि त्यातील एका प्रसंगाने आम्हांस विचारात टाकले, आणि त्या वर्गाची हकीगत वाचकांपुढे ठेवावी असे वाटले.

या वर्गातील मुले जन्मली ती १९५९ च्या आगेमागे. तेव्हा नवापूर द्विभाषिक मुंबई राज्याच्या पश्चिम खानदेश जिल्ह्यात होते. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र आणि गुजरात ही दोन राज्ये झाली, त्या वेळी पश्चिम खानदेशच्या सरहद्दीवरील काही गावे गुजरातेत गेली. कुणाचे आजोळ, कुणाच्या आत्याचे घर एकाएकी परराज्यात जाऊन पडले. पुढे जिल्ह्याचे नाव धुळे झाले, आणि १ जुलै १९९८ रोजी त्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा निघाला. घराचा उंबरठा न बदलता ही मंडळी तीन जिल्ह्यांची रहिवासी झाली. नवापूरचे रेल्वे स्टेशन तर आजही दोन राज्यांत विभागलेले आहे. तिकिटाची खिडकी महाराष्ट्रात आणि स्टेशनमास्तरांचे कार्यालय गुजरातेत, हे पाहून नवखा प्रवासी हसतो. येथील माणसाला त्याचे काही वाटत नाही.

१९६५ च्या जून महिन्यात ही मुले पहिलीत बसली. घरी कुणी मावची बोले, कुणी भिल्ली, कुणी कोकणी. बाजारात गुजराती आणि अहिराणी कानांवर पडे. पुस्तकातील मराठी मात्र या सर्वांहून निराळी. १९६७ साली पुण्यास पाठ्यपुस्तक मंडळ, म्हणजे आपली बालभारती, स्थापन झाली आणि पुढे राज्यभर तिचीच पुस्तके आली. पण ती उघडणाऱ्या मुलाची घरची बोली त्यांत नव्हती. पाणी प्यायला जाऊ का, हे गुरुजींना कोणत्या शब्दांत विचारावे हेच न कळल्यामुळे आपण पहिले काही दिवस तहानलेलेच बसत होतो, असे एका वक्त्याने सांगितले. सारे हसले. हसताना अनेकांचे डोळे पाणावले होते.

मुले आठवीत असताना १९७२ चा मोठा दुष्काळ आला. आईबाप खडी फोडण्याच्या आणि रस्त्याच्या कामांवर गेले. त्याच सुमारास सीमेपलीकडे तापीवरील उकाई धरण पूर्ण झाले आणि त्याचे पाणी या बाजूपर्यंत पसरू लागले. याच वर्षांत शिक्षणाची रचनाही बदलत होती. अकरावीच्या मॅट्रिकऐवजी दहावीनंतर शालान्त परीक्षा आणि पुढे दोन वर्षे उच्च माध्यमिक, अशी नवी पद्धत आली. तिची पहिली दहावी म्हणजे १९७५ ची. या वर्गाला आपल्या पहिलेपणाचा अभिमान आहे, आणि तो असावाही. त्यांतून शिक्षक निघाले, परिचारिका निघाल्या, एस.टी.चे वाहक निघाले, कचेरीतील कारकून निघाले. आपल्या कुळात लिहिता वाचता येणारे आपणच पहिले, असे सांगणारे त्यांत थोडे नव्हते.

आता तो प्रसंग. वर्गातीलच एका निवृत्त शिक्षिकेने प्राथमिक शाळेतून १९६५ सालच्या पहिलीची नावे उतरवून आणली होती. पूर्वीप्रमाणे हजेरी घ्यावी अशी तिची हौस. नाव उच्चारताच कुणी "हजर" म्हणे आणि टाळ्या पडत. दिवंगतांचे नाव आले की सारे क्षणभर उभे राहत. परंतु लवकरच अशी नावे येऊ लागली की ज्यांना कुणी "हजर" म्हटले नाही आणि जी वारल्याचेही कुणास ठाऊक नव्हते. एक झाले, दोन झाले, पाच झाले. त्यांत मुलींची नावे अधिक. बाईंचा आवाज हळू झाला. शेवटी त्यांनी कागद खाली ठेवला आणि विचारले, "यांच्यासाठी उभे राहायचे की बसायचे?" कुणी उत्तर दिले नाही.

ही नावे कोठे गेली याचे उत्तर मात्र त्या सभागृहात बहुतेकांना माहीत होते. दिवाळी झाली की या भागातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. १९५० च्या दशकात बारडोलीस सहकारी साखर कारखाना निघाला, पुढे दक्षिण गुजरातेत आणखी कारखाने उभे राहिले आणि त्यांना खानदेशातील मजूर हवा होता. मुकादम पावसाळ्यात, घरात दाणा नसताना, उचल देतो. ती फेडण्यासाठी कुटुंब उन्हाळ्यापर्यंत उसाच्या फडात राहते. तेथे माणसे मोजत नाहीत, कोयते मोजतात. एका कोयत्यात तोडणारा पुरुष, मोळ्या बांधणारी बायको आणि हाताखाली एखादे पोर येते. यान ब्रेमन या डच समाजशास्त्रज्ञांनी १९७० च्या दशकात बारडोलीच्या परिसरात राहून या टोळ्यांचे जिणे अभ्यासले आणि जगापुढे मांडले. म्हणजे आपला हा वर्ग दहावीच्या वाटेवर होता, त्याच सुमारास त्याचेच काही सोबती त्या फडांत वाढे गोळा करीत असतील. शाळेच्या दप्तरात याची नोंद एका ओळीची असते: सतत गैरहजर, सबब नाव कमी केले.

हा प्रश्न त्या पिढीने निर्माण केला नाही. १९०६ साली खानदेशचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले आणि नवापूर पश्चिम खानदेशात आले. त्याच १९०६ साली, येथून फार दूर नसलेले सोनगड ज्या बडोदे संस्थानात होते, तेथे सयाजीराव गायकवाडांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले. अमरेली भागात १८९३ पासून त्यांनी त्याचा अनुभव घेतला होता. महाराज स्वतः नाशिक जिल्ह्यातील कवळाण्याच्या शेतकरी घरातले. बारा वर्षांचे होईपर्यंत अक्षरओळख नव्हती. कायदा झाला म्हणून रानातील प्रत्येक पोर शाळेत बसले असे नव्हे. तरी राज्यकर्त्याने ते आपले कर्तव्य मानले, ही गोष्ट लहान नाही. ब्रिटिश मुलखात नामदार गोखल्यांनी १९११ साली तसेच विधेयक मांडले, ते पुढल्या वर्षी फेटाळले गेले. स्वतंत्र भारताच्या घटनेने चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांना दहा वर्षांत हे शिक्षण देण्याचे ध्येय ठेवले. प्रत्यक्षात त्या हक्काचा कायदा अमलात आला तो १ एप्रिल २०१० रोजी. बडोद्याच्या कायद्यापासून मोजले तर शंभराहून अधिक वर्षे गेली. आणि या कायद्याची हमी चौदाव्या वर्षी संपते. दहावीच्या उंबरठ्यावर मूल पुन्हा आईबापांच्या ऐपतीवर सोडले जाते.

आपल्या जिल्ह्याला रिकाम्या बाकांचा मान ठेवता येत नाही, असे मात्र नाही. ९ सप्टेंबर १९४२ रोजी नंदुरबारात तिरंगा घेऊन निघालेल्या मिरवणुकीवर गोळीबार झाला. पंधरा वर्षांचा शिरीषकुमार मेहता पडला. त्याच्यासह लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर आणि घनश्यामदास शहा यांनी प्राण दिले. त्यांचे स्मारक नंदुरबारात आहे, शाळाशाळांतून त्यांची नावे घेतली जातात, आणि ते योग्यच आहे. ज्या मुलांना गोळीने नेले त्यांना आपण विसरलो नाही. ज्यांना उचलीने नेले त्यांचे स्मारक कुणी बांधणार नाही, आणि त्यांना ते नकोही असेल. त्यांतील कितीतरी जण आजही हयात आहेत, आपल्याच पाड्यांत राहतात. त्यांना हवी आहे ती हाक.

परतीच्या वाटेवर आमचे ते गृहस्थ बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी सांगितले की मेळाव्याआधी ते एका पाड्यावर आपल्या पहिल्या बाकसोबत्याला बोलवायला गेले होते. त्याने चहा पाजला, जुन्या गोष्टी काढल्या, पण यायचे नाकारले. म्हणाला, "दादा, तुमचा वर्ग दहावीपर्यंत गेला. माझा वर्ग चौथीतच सुटला. मी कोणत्या वर्गाचा म्हणून येऊ?" यावर आपल्याला काहीच सुचले नाही, याची खंत त्यांना लागून राहिली होती.

आम्हांस वाटते, याचे उत्तर देता येते. वर्ग कोणाचा, हे परीक्षेच्या निकालपत्रावरून ठरवू नये. पहिलीच्या हजेरीपटावरून ठरवावे. जो माझ्या शेजारी पाटी घेऊन बसला तो माझा वर्गबंधू, मग तो पुढे अधिकारी होवो वा ऊसतोड्या. आठ दिवसांनी ते गृहस्थ पुन्हा त्या पाड्यावर गेले. या वेळी बोलावणे करायला नव्हे. सोबत्याचा नातू सातवीत आहे आणि दिवाळीनंतर घरची माणसे तोडीला जाणार, हे त्यांना कळले होते. एप्रिल संपेपर्यंत पोर आमच्याकडे राहील, शाळेत जाईल, असे सांगून ते परत आले.

वाचकहो, आपल्या कुटुंबांतही कुणी ना कुणी पहिलीत कुणाच्या तरी शेजारी बसलेले असेल. येत्या दिवाळीपूर्वी त्या शेजाऱ्याचे घर शोधावे, आणि त्या घरातील पोर कोणत्या इयत्तेत आहे एवढे विचारून यावे.