दक्षिण फ्रान्सचे डोंगरी किल्ले

कार्कासोन शहर सोडून दक्षिणेस पिरेनीज पर्वताच्या पायथ्याकडे निघालेल्या प्रवाशाला उंच कड्यांवरील पडक्या किल्ल्यांचें एकामागून एक दर्शन होऊं लागतें. खालीं द्राक्षांचे मळे, मध्यें खुरट्या झुडपांचे उतार, आणि वर, जेथें घारीनेंच घरटें करावें अशा जागीं, राखी रंगाचे तट. खडक कोठें संपला आणि भिंत कोठें सुरू झाली हें लांबून ओळखतां येत नाहीं. ह्या किल्ल्यांना ‘कॅथर किल्ले’ म्हणण्याचा प्रघात पडला आहे. प्रवासी वर चढतो, ज्यांनीं येथें आपल्या श्रद्धेपायीं प्राण दिले त्यांच्या स्मरणानें हेलावतो आणि खालीं उतरतो. त्याची भावना खरी असते. परंतु ज्या भिंतीवर हात ठेवून तो हळहळतो, ती बहुधा त्या दुर्दैवी लोकांच्या शत्रूंनीं बांधलेली असते. ही विसंगति कशी घडली हें समजून घेतल्यावांचून ह्या दुर्गांचें दर्शन पुरें होत नाहीं.

तेराव्या शतकाच्या आरंभीं हा मुलूख फ्रान्सच्या राजाच्या प्रत्यक्ष अंमलाखालीं नव्हता. तूलूजचे काउंट, कार्कासोनचे त्राँकाव्हेल आणि त्यांचे मांडलिक सरदार आपापल्या डोंगरांवर बऱ्याच अंशीं स्वतंत्रपणें नांदत होते. त्यांची भाषाहि उत्तरेकडील फ्रेंचहून निराळी, ऑक्सितान, होती. ह्याच प्रदेशांत कॅथर पंथानें मूळ धरलें. दृश्य जग ही दुष्ट शक्तीची निर्मिति आहे, असें हे लोक मानीत. त्यांच्यांतील दीक्षित स्त्रीपुरुष मांस वर्ज्य करीत, शपथ घेत नसत, ब्रह्मचर्य पाळीत आणि हातानें कष्ट करून पोट भरीत. गांवकरी त्यांना ‘सत्पुरुष’ म्हणत. ‘कॅथर’ हें नांव त्यांच्या विरोधकांचें. रोमच्या धर्मपीठाला हें पाखंड सहन होण्यासारखें नव्हतें. १२०८ सालीं पोपच्या वकिलाचा खून झाला, आणि तिसऱ्या इनोसंट पोपनें ह्या ख्रिस्ती प्रदेशावरच धर्मयुद्ध पुकारलें. १२०९ च्या जुलैमध्यें बेझिए शहरांत सरसहा कत्तल झाली. ऑगस्टमध्यें कार्कासोन पडलें. तेथील तरुण त्राँकाव्हेल त्याच वर्षीं कैदेंत मरण पावला, आणि त्याची जहागीर उत्तरेकडून आलेल्या सिमाँ द मोंफोर ह्या सरदाराच्या हातीं गेली.

त्या काळीं ह्या प्रांतांत किल्ला म्हणजे केवळ शिपायांचें ठाणें नसे. जुन्या लॅटिन कागदपत्रांत ज्याला ‘कास्त्रुम’ म्हटलें आहे, तें एक तटबंदीचें गांवच असे. डोंगराच्या माथ्यावर सरदाराचा बुरूज, त्याच्या भोंवतीं दाटीनें घरें, आणि सर्वांत बाहेरच्या घरांच्या पाठीमागील भिंती हाच पुष्कळदां गांवाचा तट. त्या घरांत विणकर होते, शेतकरी होते, सरदारांच्या विधवा होत्या, आणि त्यांच्यांतच दीक्षित कॅथरहि राहत होते. त्या पंथानें स्वतःसाठीं वेगळी दुर्गरचना अशी कधीं केलीच नाहीं. म्हणून किल्ला पडे तेव्हां गांवहि पडे. १२१० सालीं तेर्म येथील डोंगरी गांवानें सुमारें चार महिने वेढा सोसला. टाक्यांतील पाणी आटलें. पुढें पाऊस आला, पण दूषित पाणी पिऊन लोक अतिसारानें आजारी पडले, आणि अखेर गांव शत्रूच्या हातीं गेलें.

ह्या युद्धाच्या धामधुमींतच कांहीं गांवें नव्यानें जन्मास आलीं. तूलूजच्या सातव्या रेमाँ काउंटनें १२२२ सालीं उत्तरेकडे कोर्द हें गांव एका सुट्या टेकडीवर वसविलें. उद्ध्वस्त झालेल्या मुलखांतील लोकांना तेथें घरासाठीं जागा आणि सवलती देण्यांत आल्या. पुढें युद्ध संपलें, कातडें आणि कापड ह्यांच्या व्यापारांतून पैसा आला, आणि १३०० च्या सुमारास तेथील श्रीमंतांनीं कमानदार खिडक्यांचे दगडी वाडे बांधले. गांवच्या बाजाराच्या मांडवाखालीं खडकांत खोदलेली विहीर सुमारें ११३ मीटर खोल आहे. टेकडीवर राहण्याची किंमत काय असते हें त्या विहिरींत डोकावलें म्हणजे कळतें. शरदांत सकाळीं दरी धुक्यानें भरते आणि गांव तेवढें वर तरंगतांना दिसतें. म्हणूनच १९९३ पासून त्याचें अधिकृत नांव ‘आकाशावरचें कोर्द’ अशा अर्थाचें झालें आहे.

परंतु सर्वांत अधिक माणसें ज्या डोंगराकडे वळतात तो मोंसेग्यूर. नांवाचा अर्थ ‘सुरक्षित डोंगर’. समुद्रसपाटीपासून सुमारें १२०० मीटर उंचीच्या ह्या सुळक्यावरील जुनें ठाणें रेमाँ द पेरेय ह्या सरदारानें १२०४ च्या सुमारास, पंथाच्या आचार्यांच्या विनंतीवरून, पुन्हां उभारलें. १२२९ च्या तहानें प्रांत फ्रान्सच्या राजापुढें नमला, धर्मन्यायालयाची चौकशी गांवोगांव सुरू झाली, आणि आसरा तुटलेले लोक ह्या माथ्यावर गोळा झाले. १२४२ सालीं येथल्याच कांहीं सरदारांनीं आव्हिन्योने येथें धर्मन्यायाधीशांचे खून केले, आणि डोंगराचें भवितव्य ठरून गेलें. १२४३ च्या मे महिन्यांत राजाच्या फौजेनें वेढा घातला. हिंवाळ्यांत कड्यावरून चढून एक टेहळणीची चौकी शत्रूनें घेतली, आणि पुढें दगडफेकीचीं यंत्रें माथ्यावर मारा करूं लागलीं.

१२४४ च्या मार्चच्या आरंभीं किल्ला शरण आला. पंधरा दिवसांची मुदत मिळाली. शिपायांना आणि सामान्य लोकांना अभय होतें. दीक्षितांना मात्र श्रद्धा सोडणें किंवा अग्नि, ह्यांतून एक निवडावयाचें होतें. ह्या मुदतींत, सुटकेचा मार्ग मोकळा असतांना, सुमारें वीस जणांनीं आपण होऊन दीक्षा घेतली. त्यांत कांहीं शिपाई होते, कांहीं स्त्रिया होत्या. किल्लेदाराची पत्नी कोर्बा हीहि होती. दीक्षा म्हणजे मरण हें त्यांतील प्रत्येकाला ठाऊक होतें. १६ मार्च रोजीं दोनशेंच्यावर माणसें डोंगराच्या पायथ्याशीं जाळण्यांत आलीं. कोर्बेबरोबर तिची मुलगी एस्क्लारमोंद हीहि गेली. किल्लेदार वांचला, आणि थोड्याच आठवड्यांनीं धर्मन्यायाधीशापुढें त्याची जबानी झाली. त्या दिवसांविषयीं आज जें कांहीं निश्चित ठाऊक आहे, त्याचा मोठा भाग अशा जबान्यांतून, म्हणजे जेत्यांच्या दप्तरांतून, आलेला आहे.

दगडांचीहि गोष्ट तशीच. मोंसेग्यूरवर आज जो किल्ला उभा आहे, तो १२४४ नंतर ह्या जहागिरीचा ताबा मिळालेल्या लेव्ही घराण्यानें बांधलेला आहे. त्याच्या खिडक्यांतून विशिष्ट दिवशीं सूर्यकिरण येतात म्हणून तें कॅथरांचें सूर्यमंदिर होतें, असें सांगणारे कल्पक लेखक होऊन गेले. पण त्या भिंती उभ्या राहण्यापूर्वींच तो समाज डोंगरावरून नाहींसा झाला होता. त्याच्या खऱ्या खुणा तटाबाहेर, उत्तरेच्या उतारावर आहेत. विसाव्या शतकांतील उत्खननांत तेथें अरुंद पायऱ्यापायऱ्यांवर बसविलेल्या घरांचे पाये उघडे झाले. छायाचित्र काढण्याजोगें तेथें फारसें कांहीं नाहीं.

दक्षिणेकडील किल्ल्यांची कथा याहून स्पष्ट आहे. पेरपेर्त्यूज १२४० सालीं राजाकडे आलें. केरिब्यूस १२५५ सालीं. १२५८ मध्यें फ्रान्स आणि आरागोन ह्या राज्यांमध्यें कोर्बेय येथें तह होऊन सरहद्द ठरली, आणि हे डोंगर सीमेवर आले. पेरपेर्त्यूज, केरिब्यूस, प्वीलोराँस, आगिलार आणि तेर्म ह्या पांच दुर्गांची राजाच्या इंजिनियरांनीं नव्यानें बांधणी केली. लोक त्यांना ‘कार्कासोनचे पांच पुत्र’ म्हणूं लागले. जुन्या गांवांचा मागमूस उरला नाहीं, सीमेवरील पहाऱ्याचीं ठाणीं मात्र उरलीं. पेरपेर्त्यूज येथें कड्यांत खोदलेला जिना आजहि ‘सेंट लुईचा जिना’, म्हणजे नवव्या लुई राजाचा, म्हणून ओळखला जातो. १६५९ च्या तहानें सरहद्द आणखी दक्षिणेस सरकली, आणि ह्या किल्ल्यांचें काम संपलें. तेर्म तर त्यापूर्वींच, लुटारूंचा अड्डा होऊं लागल्यानें, सुरुंग लावून पाडण्यांत आलें होतें.

कार्कासोनच्या जुन्या शहराला मात्र दुसराच जन्म लाभला. १८५० च्या सुमारास त्याचे दगड विकले जाण्याची वेळ आली होती. स्थानिक इतिहाससंशोधक क्रो-मेरव्हिएय आणि स्मारकांचे निरीक्षक प्रोस्पेर मेरीमे ह्यांच्या खटपटीनें तें वांचलें, आणि १८५३ पासून व्हिओले-ल्-द्युक ह्या वास्तुविशारदाच्या देखरेखीखालीं त्याचा जीर्णोद्धार झाला. त्यानें बुरुजांवर चढविलेलीं निमुळतीं, काळ्या पाटीच्या दगडाचीं छपरें उत्तरेकडच्या धर्तीचीं आहेत असा आक्षेप पुष्कळांनीं घेतला. दुहेरी तटांच्या मधल्या जागेंत झोंपड्या बांधून राहणाऱ्या गरीब विणकरांना ह्या कामासाठीं हुसकावण्यांत आलें, ही गोष्ट फारशी सांगितली जात नाहीं.

एकोणिसाव्या शतकांतच नापोलेओं पेरा ह्यांच्यासारख्या लेखकांनीं कॅथरांची कथा पुन्हां लोकांपुढें आणली. पुढें पर्यटनानें तें नांव सर्व किल्ल्यांना दिलें. ज्यांच्या वास्तु पुसल्या गेल्या त्यांचें नांव अशा रीतीनें शत्रूच्या तटांवर कोरलें गेलें. इतिहासाच्या दृष्टीनें ही चूक आहे, पण तिच्या मुळाशीं असलेली माणुसकी दुर्लक्षिण्यासारखी नाहीं. जाणत्या प्रवाशानें मोंसेग्यूरचा तट अवश्य पाहावा, तो कोणाचा हें ध्यानांत ठेवावें, आणि मग वळसा घालून उत्तरेच्या उतारावरील त्या पायांपाशीं थोडें थांबावें. तेथें गुडघाभर उंचीच्याहि भिंती नाहींत. परंतु मार्चमधील त्या पंधरा दिवसांत कोर्बा आणि तिचे शेजारी जेथें राहिले, तें गांव हेंच होय.