एका फटीची वंशावळ

व्हॅक्यूम क्लीनर, चाळीस मिलिमीटर व्यासाची पीव्हीसी नळी, तिच्यात बेताचा बसणारा स्पंजचा दट्ट्या आणि नळीलगतच्या रुळांवर उभी केलेली हलकी गाडी. हवेच्या दाबावर धावणारी घरगुती रेल्वे करायला एवढं सामान पुरतं. नळीच्या पुढच्या टोकाला क्लीनर लावला की आतली हवा विरळ होते. दट्ट्याच्या मागे मात्र बाहेरची, पूर्ण दाबाची हवा असते आणि ती त्याला पुढे रेटते. क्लीनर फक्त वाट मोकळी करतो, गाडी ढकलण्याचं काम वातावरण करतं. साध्या क्लीनरने वातावरणाच्या पाचव्या हिश्शाएवढा दाबफरक निर्माण केला, तरी एवढ्याशा दट्ट्यावर अडीच किलोचा जोर येतो. खेळण्यातल्या गाडीला तो भरपूर झाला.

अडचण वेगळीच आहे. दट्ट्या नळीच्या आत, गाडी बाहेर. दोघांना जोडणारा दांडा बाहेर काढायचा, तर नळीला माथ्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत चीर द्यावी लागते. तीन मीटर नळीला एक मिलिमीटर रुंदीची फट ठेवली, तर तिचं क्षेत्रफळ होतं तीस चौरस सेंटिमीटर, आणि नळीच्या तोंडाचं जेमतेम साडेबारा. क्लीनर ज्या तोंडातून हवा खेचतो, त्याच्या दुपटीहून मोठं भोक आपणच पाडून ठेवलेलं असतं. म्हणून ही गाडी करणाऱ्याचा बहुतेक वेळ रूळ-चाकांपेक्षा फट झाकण्यातच जातो. तिच्या थोरल्या भावंडांचंही हेच झालं.

हवेचं बळ युरोपला दिसलं ते सतराव्या शतकात. जर्मनीतल्या माग्देबुर्गच्या ओट्टो फॉन गेरिकेने 1650च्या दशकात तांब्याचे दोन अर्धगोल जुळवून आतली हवा उपसली, आणि दोन्ही बाजूंना घोडे जुंपूनही ते सुटेनात. या बळाला वाहतुकीला जुंपण्याची कल्पना दीडशे वर्षांनी इंग्लंडमधल्या जॉर्ज मेडहर्स्टने मांडली. 1810 मध्ये त्याने नळीतून हवेच्या जोरावर पत्रं आणि माल पाठवण्याची योजना छापली. मग माणसंही मोठ्या नळीतून नेता येतील, असं त्याला वाटलं. पण अंधाऱ्या बोगद्यात बसून प्रवास कोण करणार? 1827 मध्ये त्याने डबे बाहेर आणि दट्ट्या आत अशी मांडणी सुचवली. आपली फट जन्माला आली ती इथे, कागदावर.

ती लोखंडात उतरवली सॅम्युएल क्लेग आणि सामुदा बंधूंनी. क्लेग गॅसच्या दिव्यांच्या कामातला जाणता माणूस होता, त्यामुळे नळ्या आणि गळती हा त्याचा रोजचाच विषय. त्याने फटीवर कातड्याची लांबलचक झडप बसवली, वर लोखंडी पट्ट्या लावल्या आणि कडेला मेण-चरबीचं लिंपण भरलं. दांडा दट्ट्याच्या बराच मागे ठेवला. त्यामुळे झडप उघडायची ती दट्ट्याच्या मागे, जिथे हवा आधीच पूर्ण दाबाची असते, आणि पुढची पोकळी शाबूत राहायची. दांडा पुढे सरकला की मागून येणारं चाक झडप खाली दाबायचं आणि निखाऱ्यांवर तापवलेली तांब्याची नळी लिंपण वितळवून फट पुन्हा बुजवायची. घरी नळी चिरून रबरी पट्टी लावणाऱ्यालाही दांडा मागेच ठेवावा लागतो. पुढे ठेवला, तर गाडी स्वतःच्याच पोकळीला भोक पाडत जाते.

1840 मध्ये लंडनजवळच्या वर्मवुड स्क्रब्समध्ये अर्ध्या मैलाच्या रुळांवर प्रयोग झाला आणि बघणारे थक्क झाले. धूर नाही, ठिणग्या नाहीत, जड इंजिन नाही. आयर्लंडमध्ये किंग्स्टाउन, म्हणजे आजचं डन लेरी, ते डाल्की या चढावर 1843 मध्ये अशी गाडी सुरू झाली. वर जाताना हवा न्यायची, उतरताना उतार. ती 1854 पर्यंत चालली. पॅरिसजवळ सँ-जर्मेंच्या चढावरची गाडी 1847 ते 1860 अशी टिकली.

इंग्रज इंजिनिअर इझम्बार्ड किंग्डम ब्रुनेलने मात्र हाच डाव लांब पल्ल्यावर मांडला. इंग्लंडच्या साउथ डेव्हन रेल्वेवर एक्सेटर ते न्यूटन ॲबट अशा सुमारे 32 किलोमीटरमध्ये 38 सेंटिमीटर व्यासाची नळी टाकली आणि दर पाचेक किलोमीटरवर पंपघर उभारलं. अर्ध्या वातावरणाचा फरक धरला, तरी दट्ट्यावर साडेपाचशे किलोहून अधिक जोर यायचा. गाडी सुरेख पळायची, ताशी शंभर किलोमीटरच्याही पुढे. पण कातडं हिवाळ्यात गोठायचं, उन्हाळ्यात सुकून चिरायचं आणि लोखंडाच्या गंजाने खराब व्हायचं. उंदरांनी ते खाल्लं ही गोष्ट अजून सांगितली जाते, पण कातडं वाया जायला उंदरांची गरज नव्हती. सप्टेंबर 1848 मध्ये, सुरू झाल्यावर वर्षभरातच, ही गाडी बंद पडली. लंडन-क्रॉयडन मार्गावरची त्याआधीच, 1847 मध्ये थांबली होती. तिथे तर वाफेच्या गाडीचे रूळ ओलांडायला पूल बांधावा लागला होता, कारण रूळ एकमेकांना छेदतात तिथे नळी अखंड ठेवता येत नाही.

दोष फक्त कातड्याचा नव्हता. पाच किलोमीटर भागिले अडतीस सेंटिमीटर म्हणजे नळीची लांबी व्यासाच्या तेरा हजार पट. घरच्या तीन मीटर नळीत हेच गुणोत्तर पंचाहत्तर आहे. ब्रुनेलचं प्रमाण ठेवायचं, तर चाळीस मिलिमीटरच्या नळीला अर्ध्या किलोमीटरहून जास्त लांब न्यावं लागेल आणि क्लीनर तिच्यासमोर हात टेकेल. फट लांबीबरोबर वाढते, दट्ट्याचा जोर तेवढाच राहतो. म्हणूनच छोटा प्रयोग दर वेळी यशस्वी होतो आणि दर वेळी फसवतो. वर्मवुड स्क्रब्सच्या यशाने हेच केलं.

रेल्वे इंजिनिअर रॉबर्ट स्टीफन्सनने 1844 मध्ये डाल्कीची पाहणी करून अहवाल दिला की, काही विशेष ठिकाणं सोडली तर ही पद्धत परवडणार नाही. पुढे हाच स्टीफन्सन ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा सल्लागार होता आणि त्याच्या हाताखाली तयार झालेले जेम्स बर्कले तिचे मुख्य इंजिनिअर. 1853 मध्ये बोरीबंदरहून ठाण्याला गाडी निघाली ती अर्थातच वाफेवर.

फटीचा प्रश्न सोडवायचे दोन मार्ग उरले होते. पहिला, फटच नको. 1864 मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या बागेत टॉमस रॅमेलने सुमारे साडेपाचशे मीटरच्या बोगद्यात डबाच दट्ट्या म्हणून बसवला, त्याच्याभोवती कुंचल्याची झालर लावली आणि प्रचंड पंख्याने तो ढकलला. 1870 मध्ये न्यूयॉर्कमध्ये आल्फ्रेड बीचने टपालाच्या नळ्यांच्या परवानगीखाली ब्रॉडवेच्या पोटात तशीच गाडी केली, शंभर मीटरहून थोडी आखूड. दुसरा मार्ग, फट राहू द्यायची पण नळी रुंद आणि मार्ग आखूड ठेवायचा. ब्राझीलच्या पोर्तो अलेग्रेमध्ये ऑस्कर कोएस्टर यांची एरोमोव्हेल गाडी याच तत्त्वावर 2013 पासून विमानतळाकडे धावते. उन्नत मार्गाच्या पोटातली चौकोनी काँक्रीटची वाहिनी तिची नळी, पंखे तिचे पंप आणि मार्ग जेमतेम किलोमीटरभर. घरगुती गाडीला तिसरी वाटही मिळाली आहे. नळी बंदच ठेवायची, दट्ट्यात ताकदीचं चुंबक बसवायचं आणि बाहेरच्या गाडीत दुसरं. दांडा गेला, त्याच्याबरोबर फटही गेली. चुंबकाची पकड सुटेल एवढा भार मात्र घालायचा नाही.

या घराण्याची सर्वांत यशस्वी शाखा गाडी चालवणारी नव्हे, थांबवणारी ठरली. भारतीय रेल्वेत एअर ब्रेक रुळण्याआधी कित्येक दशकं व्हॅक्यूम ब्रेक होते. डब्याडब्यांतून गेलेल्या बंद नळीत इंजिन पाऱ्याच्या सुमारे 53 सेंटिमीटरएवढी पोकळी राखायचं आणि पोकळी आहे तोवर ब्रेक सुटलेले राहायचे. साखळी ओढली की झडप उघडायची, हवा आत घुसायची, ब्रेक लागायचे. डबे तुटून वेगळे झाले तरी तेच. ब्रुनेलला गळती परवडली नाही, कारण त्याच्या गाडीचं धावणं पोकळीवर अवलंबून होतं. इथे पोकळीवर अवलंबून होतं ते फक्त न थांबणं. त्यामुळे नळी गळाली, तर गाडी उभी राहायची, आणि आगगाडीच्या बाबतीत बिघाडाने व्हावं ते हेच.