एड्सच्या प्रसाराविषयीचे वाद आणि बंगळुरूतील संशोधन

एड्सचा विषाणू कोठून आला आणि तो कसा पसरतो, याविषयी अनेक वादग्रस्त सिद्धांत मांडले गेले. त्यांपैकी एकाचा उगम भारतातच झाला. जुलै १९८३ मध्ये दिल्लीच्या 'पेट्रियट' या दैनिकाने एक निनावी पत्र छापले. अमेरिकी लष्कराने फोर्ट डेट्रिक येथे हा विषाणू निर्माण केल्याचा दावा त्यात होता. तो सोव्हिएत हेरसंस्था केजीबीच्या अपप्रचाराचा भाग असल्याचे रशियाचे गुप्तवार्ता प्रमुख येवगेनी प्रिमाकोव्ह यांनी १९९२ मध्ये मान्य केले.

आफ्रिकेत १९५०च्या दशकात दिलेल्या पोलिओ लसीतून एचआयव्ही पसरला, असे एडवर्ड हूपर यांनी १९९९ मध्ये मांडले. लसीच्या जुन्या नमुन्यांत मात्र विषाणू आढळला नाही. तो कॅमेरूनमधील चिंपांझींतून माणसांत आला आणि १९२०च्या सुमारास किन्शासा परिसरातून पसरू लागला, असे जनुकीय अभ्यास सांगतात.

एचआयव्हीमुळे एड्स होतच नाही, हे पीटर ड्यूसबर्ग यांचे मत अधिक घातक ठरले. दक्षिण आफ्रिकेचे तत्कालीन अध्यक्ष थाबो म्बेकी यांच्यावर त्याचा प्रभाव पडला. तेथे औषधे देण्यास विलंब झाल्याने तीन लाख तीस हजारांहून अधिक जणांचे प्राण गेले, असा अंदाज हार्वर्ड विद्यापीठातील संशोधकांनी २००८ मध्ये वर्तविला.

भारतात प्रामुख्याने या विषाणूचा 'सी' उपप्रकार आढळतो. तो जगभर इतका का पसरला, हा मात्र खरा वैज्ञानिक प्रश्न आहे. बंगळुरूच्या जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्रात प्रा. रंगा उदयकुमार यांच्या गटाने त्याचा अभ्यास केला. पेशीतील 'एनएफ-कप्पा बी' हे प्रथिन विषाणूच्या ज्या जागी जोडले जाते, त्या जागा बहुतेक उपप्रकारांत दोन, तर 'सी'मध्ये सामान्यतः तीन असतात. भारतातील काही विषाणूंत त्या चार असल्याचे आणि त्यामुळे विषाणूची जनुके अधिक जोमाने कार्य करीत असल्याचे या गटाने २०१२ मध्ये दाखविले.

उपप्रकार कोणताही असो, प्रसाराचे मार्ग तेच आहेत: असुरक्षित शरीरसंबंध, दूषित रक्त, दूषित सुया आणि आईकडून बाळाला होणारा संसर्ग. डास चावल्याने, हस्तांदोलनाने किंवा एकत्र जेवल्याने तो होत नाही. कर्नाटक व महाराष्ट्रासह जास्त प्रादुर्भावाच्या राज्यांत एप्रिल २००४ पासून सरकारी केंद्रांत मोफत औषधोपचार सुरू झाले. नियमित औषधांमुळे रक्तातील विषाणू चाचणीत न आढळण्याइतका कमी झाल्यास, शरीरसंबंधातून तो जोडीदाराला होत नाही. निराधार सिद्धांतावर विसंबून औषधे सोडणारा रुग्ण हे संरक्षण गमावतो.