निर्वात नलिकेचा स्वर

घरात आलेला रेडिओ चार व्हॉल्व्हचा की पाच व्हॉल्व्हचा, या प्रश्नाला ज्या काळी मोठी प्रतिष्ठा होती, तो काळ मागे पडून आता बरीच वर्षे झाली. बटण फिरवल्यावर आवाज येण्यास थोडी वाट पाहावी लागे आणि तेवढ्या अवधीत पेटीच्या मागच्या बाजूने काचेआडचा तांबूस उजेड दिसू लागे. तो उजेड ज्या निर्वात नलिकांचा, त्या घराघरांतून केव्हाच नाहीशा झाल्या. तरीही आज देशोदेशी असे रसिक आहेत, की जे साठ-सत्तर वर्षांपूर्वी घडवलेली एखादी नलिका भारी किंमत देऊन मिळवतात, हेडफोनसाठी बांधलेल्या लहानशा अ‍ॅम्प्लिफायरमध्ये ती बसवतात आणि डोळे मिटून ऐकतात. मग ती काढून त्याच जातीची, पण दुसऱ्या कारखान्यातली नलिका लावतात आणि सांगतात, की पहिलीचा स्वर उबदार होता, दुसरीचा कोरडा आहे. हे म्हणणे कितपत खरे, या प्रश्नाचा विचार केवळ रुचीच्या आधारे करून भागणार नाही. त्यासाठी या नलिकेचा इतिहास थोडा चाळावा लागतो.

एडिसनने आपल्या विजेच्या दिव्यावर प्रयोग करीत असता, तापलेल्या तारेपासून जवळच्या धातूच्या पट्टीपर्यंत पोकळीतूनही वीज वाहते असे पाहिले आणि १८८३ मध्ये त्यासंबंधी पेटंटचा अर्ज केला. या घटनेचा उपयोग मात्र त्याने पुढे फारसा केला नाही. तो केला इंग्लंडातील जॉन अ‍ॅम्ब्रोज फ्लेमिंग यांनी. मार्कोनीच्या कंपनीचे ते सल्लागार होते आणि बिनतारी संदेश ओळखणारे साधन त्यांना हवे होते. १९०४ मध्ये त्यांनी दोन ध्रुवांच्या नलिकेचे पेटंट घेतले. वीज एकाच दिशेने जाऊ देणारी म्हणून तिला ‘व्हॉल्व्ह’, म्हणजे झडप, हे नाव मिळाले. दोन वर्षांनी अमेरिकेत ली डी फॉरेस्ट यांनी त्या दोन ध्रुवांच्या मधोमध तिसरा ध्रुव, तारेची एक जाळी, बसवली. जाळीवरील विजेच्या दाबात लवमात्र फरक पडला, की पलीकडच्या प्रवाहात मोठा फरक पडतो. क्षीणाचे बलवान करण्याची युक्ती ती हीच. डी फॉरेस्ट यांनी आपल्या नलिकेस ‘ऑडियन’ असे नाव दिले. श्रवणाशी असलेले नाते तिच्या नावातच आहे.

त्या वेळी श्रवण म्हणजे कानाला लावलेल्या यंत्राने केलेले श्रवण, हे लक्षात ठेवले पाहिजे. १९१० मध्ये यूटा प्रांतातील नॅथॅनिएल बाल्डविन यांनी स्वतः बनवलेले हेडफोन अमेरिकन नौदलाला पुरवले. जहाजावरील बिनतारी खोलीत एका कानी हेडफोन आणि समोर संदेश पकडणारे साधन, अशी ही जोडी जमली. डी फॉरेस्ट यांना स्वतःला मात्र आपली नलिका कशी चालते याचा नीट उलगडा झाला नव्हता. आत थोडा वायू असणे आवश्यक आहे अशी त्यांची समजूत होती. एडविन आर्मस्ट्राँग यांनी तिच्या कार्याचे अचूक विवरण केले आणि १९१२-१३ च्या सुमारास टेलिफोन कंपनीतील हॅरॉल्ड आर्नल्ड व जनरल इलेक्ट्रिकमधील अर्व्हिंग लँगम्यूर यांनी नलिकेतला वायू शक्य तितका काढून टाकून तिला भरवशाची केली. २५ जानेवारी १९१५ रोजी न्यूयॉर्क ते सॅनफ्रान्सिस्को हा टेलिफोन रीतसर सुरू झाला, तो वाटेत बसवलेल्या नलिकांच्या बळावर.

पुढे १९२५ मध्ये राइस आणि केलॉग यांनी फिरत्या वेटोळ्याचा लाउडस्पीकर सिद्ध केला आणि नलिकेचा व हेडफोनचा संसार वेगळा झाला. आपल्याकडे २३ जुलै १९२७ रोजी मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे केंद्र उघडले, तो हा संक्रमणाचा काळ होता. एकट्याने कानाला लावून ऐकण्याचा रेडिओ हळूहळू चारचौघांनी मिळून ऐकण्याचा झाला. हेडफोन उरला तो तारायंत्रवाल्यांकडे, वैमानिकांकडे आणि ध्वनिमुद्रणाच्या खोलीत.

आता नलिकेच्या घडणीकडे वळू. मध्यभागी निकेलची बारीक नळी. तिच्यावर बेरियम व स्ट्रॉन्शियम यांच्या ऑक्साइडांचा लेप. तापल्यावर यातून इलेक्ट्रॉन सुटतात. तिच्याभोवती केसाहून बारीक तारेची जाळी आणि तिच्याबाहेर धातूचे पाते. जाळीचे वेढे किती जवळ, ती लेपापासून किती अंतरावर, लेप किती सारखा बसला आहे, काचेतली हवा किती काढली गेली, या साऱ्यांवर नलिकेचा गुण अवलंबून असतो. युरोपीय पद्धतीत तिचे नाव हीच तिची कुंडली असे. ‘ईसीसी ८३’ या नावातील ‘ई’ म्हणजे तापविण्यास ६.३ व्होल्ट, दोन ‘सी’ म्हणजे एकाच काचेत तीन ध्रुवांच्या दोन नलिका, आणि ‘८’ हा आकडा नऊ काड्यांच्या बैठकीचा. ईसीसी ८३ चा वर्धनांक १००, ईसीसी ८२ चा सुमारे १७, तर ईसीसी ८८ चा ३३. तेव्हा निरनिराळ्या जातींच्या नलिका निरनिराळ्या वागतात, यात वादच नाही. वाद आहे तो एकाच जातीच्या, पण निरनिराळ्या कारखान्यांतील नलिकांबद्दल.

येथे इतिहास एक गंमत पुढे ठेवतो. हेडफोनवाल्यांना आज प्रिय असलेल्या कित्येक नलिका संगीतासाठी जन्मल्याच नव्हत्या. ईसीसी ८८ घडवली गेली दूरचित्रवाणीच्या संचात अतिशय उच्च कंपनसंख्येचे क्षीण संकेत वाढविण्यासाठी. ‘६ एएस ७ जी’ नावाची धष्टपुष्ट अमेरिकन नलिका वीजपुरवठ्याचा दाब स्थिर ठेवण्यासाठी होती. तिला नुसते तापविण्यातच सुमारे १६ वॅट खर्ची पडतात. टेलिफोन खाते, सैन्य आणि पहिले गणकयंत्र यांना न थकणाऱ्या नलिका हव्या होत्या आणि त्यांच्यासाठी निवडक मालाची वेगळी निपज होई. १९५६ मध्ये अटलांटिक महासागराच्या तळाशी टाकलेल्या पहिल्या टेलिफोन केबलच्या जोडीत, प्रत्येक केबलमध्ये ५१ आणि प्रत्येकात तीन नलिका अशी वर्धकांची योजना होती. मैलोगणती खोल पाण्यात जाऊन नलिका बदलणे शक्यच नव्हते. तरी ती केबल १९७८ पर्यंत सेवेत राहिली. जुन्या नलिकांच्या कीर्तीचा पाया या कारागिरीत आहे. ती कीर्ती निराधार नाही.

परंतु कीर्ती कोणाची, हा प्रश्न मात्र नीट विचारला पाहिजे. काचेवर छापलेले नाव आणि नलिका घडवणारा हात हे दोन्ही एकच असतील असे नाही. फिलिप्सच्या समूहात इंग्लंडातील ब्लॅकबर्न येथे मुलार्डचा आणि हॉलंडातील हेर्लेन येथे दुसरा कारखाना होता. तेथील माल वेगवेगळ्या व्यापारी नावांनी विकला जाई. कारखान्याची खरी खूण काचेच्या तळाशी कोरलेल्या बारीक अक्षरांत असे. जर्मन टेलिफुंकेनच्या अनेक नलिकांच्या तळाला काड्यांच्या मधोमध काचेतच उमटवलेली चौकट असते. म्हणजे केवळ नाव वाचून ‘हा अमक्या देशाचा स्वर’ असे जो म्हणतो, तो पुष्कळदा छापखान्याच्या शाईचे कौतुक करीत असतो.

डिसेंबर १९४७ मध्ये बेल प्रयोगशाळेत ट्रान्झिस्टर जन्मला. पुढील दोन दशकांत तो रेडिओत, मग ध्वनिवर्धकांत शिरला. लहान, थंड, स्वस्त. त्याच्यापुढे नलिकेचा टिकाव लागणे कठीणच होते. आपल्या देशातही गंमत अशी, की बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्समध्ये रेडिओच्या नलिकांचे उत्पादन १९६१ मध्ये सुरू झाले, तेव्हा तिकडे त्यांची सद्दी संपत आली होती. मात्र नलिका गेल्यावर काही कानांना चुकल्यासारखे वाटू लागले. १९७३ मध्ये रसेल हॅम या ध्वनितंत्रज्ञाने अमेरिकन नियतकालिकात एक निबंध लिहून त्याचे कारण सांगितले. मर्यादेबाहेर ताण पडला, म्हणजे नलिका आणि ट्रान्झिस्टर मूळ स्वरात जे उपस्वर मिसळतात, त्यांचा साचा वेगळा असतो.

हे उपस्वर आपल्याला अनोळखी नाहीत. तंबोऱ्याची तार छेडली, की मूळ षड्जाबरोबर दुप्पट कंपनाचा वरचा षड्ज, तिप्पट कंपनाचा पंचम आणि पाचपट कंपनाचा तो स्वयंभू गंधार आपोआप उमटतो. सातपट कंपनाचा स्वर मात्र कोमल निषादाहूनही किंचित उतरलेला असतो. मिरजेचा कारागीर जवारी काढतो तेव्हा तो या उपस्वरांचे प्रमाणच लावीत असतो. तीन ध्रुवांची नलिका मूळ स्वरात मुख्यतः दुप्पट कंपनाचा स्वर मिसळते. तो मूळ स्वराशी इतका एकजीव होतो, की कानाला दोष न वाटता भरदारपणा वाटतो. नलिकेच्या ‘उबे’चे बरेचसे रहस्य हेच आहे. परंतु हॅमचा विषय मर्यादा ओलांडलेल्या वर्धकाचा होता. हेडफोनला एखाद-दुसरा मिलिवॅट पुरतो. तेवढ्या हलक्या कामात चांगल्या नलिकेचे मिश्रण अत्यल्प असते. मग एकाच जातीच्या दोन नलिकांतील फरक त्याहून किती अल्प असेल, याची कल्पना करावी.

या शंकेची परीक्षाही झाली. क्वाड कंपनीने नलिकांचा एक आणि ट्रान्झिस्टरचे दोन, असे आपले तीन वर्धक पडद्याआड ठेवून जाणकारांना ऐकवले. आवाजाची पातळी सारखी राखली होती आणि कोणत्याही वर्धकावर मर्यादेबाहेर ताण येऊ दिला नव्हता. जेम्स मॉयर यांनी १९७८ मध्ये ‘वायरलेस वर्ल्ड’मध्ये तिचा वृत्तांत दिला. ऐकणाऱ्यांना कोणता वर्धक कोणता, हे खात्रीलायक ओळखता आले नाही.

मग सारेच भ्रम म्हणावयाचे काय? तसे नाही, आणि हेडफोनच्या बाबतीत तर मुळीच नाही. १९५४ मध्ये ज्यूलियस फुटरमन यांनी रोहित्रावाचून चालणाऱ्या नलिकावर्धकाची रचना प्रसिद्ध केली. हेडफोनचे अनेक नलिकावर्धक त्याच मार्गाने जातात. अशा वर्धकाचा स्वतःचा अंतर्गत अवरोध बराच असतो. तो १०० ओहम आहे असे धरू. हेडफोनचा अवरोध मधल्या स्वरांना ३००, पण खर्जात ५०० ओहम असेल, तर मधल्या स्वरांना वर्धकाचा तीन-चतुर्थांश दाब मिळतो आणि खर्जाला पाच-षष्ठांश. म्हणजे खर्ज जवळजवळ एक डेसिबलने उठून येतो. तबल्याच्या बायाँला जरा अधिक भार आला, तंबोरा जरा अधिक भरला, असे ऐकणाऱ्यास वाटते आणि ते खरेच असते. हा गुण नलिकेच्या वयाचा नसून सबंध रचनेचा आहे, इतकेच. दुसरा खरा फरक खरखरीचा. हेडफोन कानाशी भिडलेला असल्यामुळे नलिकेतील बारीक सळसळ, वीजपुरवठ्याची गुणगुण, अंगावर टिचकी मारली असता घुमणारा नाद, हे सारे स्पष्ट ऐकू येते. जी नलिका काळजीने घडवलेली, ती येथे निःसंशय सरस ठरते.

जो फरक कानाला भासतो, पण मापात सापडत नाही, त्याची परीक्षा मात्र कठोर हवी. एक नलिका काढून दुसरी लावण्यात आणि ती तापण्यात काही मिनिटे जातात. स्वराच्या बारकाव्याची स्मृती तेवढी टिकत नाही. शिवाय किंचित मोठा आवाज कानाला नेहमी ‘अधिक चांगला’ वाटतो. म्हणून एकाच बनावटीचे दोन वर्धक घ्यावेत, दोन्हींची पातळी मापकाने जुळवावी, आणि कोणता चालू आहे हे ऐकणाऱ्याला कळू न देता नाणे उडवून सोळा वेळा विचारावे. बारा किंवा अधिक उत्तरे केवळ नशिबाने बरोबर येण्याचा संभव शंभरात चारांहूनही थोडा कमी आहे. जो या कसोटीस उतरला, त्याच्या कानाला नमस्कार करावा. जो उतरला नाही, त्याने संगीत ऐकण्यातला आनंद सोडण्याचे कारण नाही; केवळ दुसऱ्याला भारी किंमतीची शिफारस करताना थोडे थांबावे.

हा विवेक आवश्यक आहे, कारण या वस्तू संपत चालल्या आहेत. ज्या कारखान्यांत जाळीचे वेढे घातले जात, ते बंद पडले. तो हात आता पुष्कळ ठिकाणी उरला नाही. रशिया, स्लोव्हाकिया आणि चीन येथे नव्या नलिका निघतात. जुन्या मात्र आहेत तेवढ्याच. नलिका चालते ती आपल्या लेपाला झिजवून. प्रत्येक तासाच्या श्रवणाने तिचे आयुष्य एका तासाने घटते. अशी वस्तू हाती आली असता तिच्यावर न केलेल्या चमत्कारांचे ओझे लादण्यापेक्षा, तिच्यात जे खरोखर आहे ते ओळखावे. बारीक तार, सारखा लेप आणि जवळजवळ पूर्ण पोकळी यांत ओतलेले अनामिक कामगारांचे कौशल्य ही तिची खरी योग्यता होय, आणि ती कोणत्याही कसोटीला भीत नाही.