एनएससीआय डोम
एनएससीआय डोम हे मुंबईतील वरळी येथे, हाजी अलीनजीक असलेले बहुउद्देशीय बंदिस्त क्रीडागृह आहे. १९५७ साली उभारलेल्या या वास्तूचे मूळ नाव सरदार वल्लभभाई पटेल स्टेडियम असून ती नॅशनल स्पोर्ट्स क्लब ऑफ इंडियाच्या अखत्यारीत आहे. एकेकाळी ती फ्रीस्टाइल कुस्त्यांसाठी प्रसिद्ध होती.

प्रो कबड्डी लीगचा पहिला सामना २६ जुलै २०१४ रोजी येथेच यू मुंबा व जयपूर पिंक पँथर्स यांच्यात झाला. मातीत वाढलेला हा खेळ येथे प्रकाशझोतात, मॅटवर रंगला. ३१ ऑगस्टच्या अंतिम लढतीत जयपूरने यू मुंबाला त्यांच्याच घरच्या मैदानावर ३५–२४ असे नमवले. पुढील वर्षी मात्र यू मुंबाने याच क्रीडागृहात विजेतेपद पटकावले. २०२० मधील कोविड-१९ साथीत येथे खेळाऐवजी रुग्णखाटा मांडून कोविड केंद्र चालविण्यात आले.