असता तर

इतिहासात जर-तरला स्थान नाही, असं इतिहासाचे प्राध्यापक नेहमी सांगतात. आणि लगेच पुढच्या वाक्यात म्हणतात, "आता पानिपतावर विश्वासरावांना गोळी लागली नसती तर..." आज उपास आहे म्हणून सांगायचं आणि साबुदाण्याच्या खिचडीसाठी दुसऱ्यांदा बशी पुढे करायची, त्यातलाच हा प्रकार.

बीड जिल्ह्यात तर हा उपास पाळणं अशक्यच आहे. आमच्याकडे भूत, वर्तमान आणि भविष्य हे तीन काळ कागदोपत्री आहेत. वापरात आहे तो चौथा. पीककर्जाच्या टेबलामागे बसून मी तो वीस वर्षं ऐकतो आहे. "मिरगाचा पाऊस वेळेवर पडला असता तर कापूस साधला असता, अन् कापूस साधला असता तर हप्ता भरला असता, साहेब." या वाक्यात थकबाकीदार शोधायला गेलं की पाऊस सापडतो, आणि पावसाचं आमच्या शाखेत खातं नाही. २०२५ च्या सप्टेंबरात वाक्य उलटं झालं, "पाऊस थांबला असता तर" असं. हप्ता होता तिथंच राहिला.

व्याकरणात याला संकेतार्थ म्हणतात. दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी १८३६ साली मराठीचं व्याकरण छापलं, तेव्हापासून आपल्या क्रियापदांच्या जमाखर्चाला शिस्त लागली. मराठीचं हे वाक्य म्हणजे तराजू आहे. दोन्ही पारड्यांत 'असता'. पाऊस पडला असता, पीक आलं असतं. इंग्रज असं करत नाही. जे कारण घडलं नाही त्यापाशी तो 'हॅड' ठेवतो आणि जे फळ हुकलं त्यापाशी 'वुड हॅव'. कारणाचं खातं वेगळं, फळाचं वेगळं. मराठी माणूस इंग्रजीत शिरताना आपला तराजू बरोबर घेऊन जातो आणि दोन्हीकडे 'वुड हॅव' घालतो. आमच्या एका शाखाधिकाऱ्यांनी वसुली का झाली नाही याचा खुलासा वरच्या कचेरीला पाठवला होता : "इफ द रेन वुड हॅव कम, द रिकव्हरी वुड हॅव कम." खुलासा परत आला, पहिल्या 'वुड'खाली तांबडी रेघ मारून. वसुलीबद्दल एक अक्षर नाही.

खरं तर साहेबांनी वाईट वाटून घ्यायला नको होतं. ज्यांची मातृभाषाच इंग्रजी आहे तेही, विशेषतः अमेरिकेत, बोलताना बिनदिक्कत दोन्हीकडे 'वुड हॅव' घालतात. शिवाय घाईत त्याचा 'वुडव्ह' होतो आणि तिथली पोरं ते कानाला ऐकू येतं तसं 'वुड ऑफ' लिहितात. तांबडी शाई तिथंही खपत असणार.

आता जिल्ह्याच्या इतिहासाकडे येऊ. गेवराई तालुक्यात गोदावरीकाठी राक्षसभुवन आहे. लोक तिथं शनीच्या दर्शनाला जातात. त्याच काठावर १० ऑगस्ट १७६३ ला मोठी लढाई झाली. पानिपताला अडीच वर्षं झाली होती, पेशव्यांच्या घरात काका-पुतण्यांचं जमत नव्हतं, आणि तेवढ्यात निजामअलीनं पुणं लुटून जाळलं होतं. परतताना त्याला गोदावरी आडवी आली, तीही भरलेली. निजाम थोड्या फौजेनिशी पलीकडे उतरला. दिवाण विठ्ठल सुंदर उरलेली फौज घेऊन अलीकडे राहिला आणि मराठ्यांनी त्याला गाठलं. रघुनाथरावच एकदा कोंडीत सापडले, तेव्हा पुतण्यानं सोडवून आणलं. पुतण्याचं वय अठरा. विठ्ठल सुंदर पडला. निजाम पलीकडे होता, मधे पूर.

'पूर होता म्हणून निजामाची फौज तुटली' हे वाक्य पाठ्यपुस्तकात चालतं. 'पूर नसता तर फौज तुटली नसती' म्हटलं की प्राध्यापक चष्मा काढतात. अहो, पण वाक्य तेच आहे! प्रत्येक 'म्हणून'च्या पोटात एक 'नसता तर' असतोच. माल एकच, पावती दुसऱ्या नावाची.

तो पुतण्या, माधवराव, १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊरला क्षयानं गेला. वय सत्तावीस. ग्रँट डफनं १८२६ साली मराठ्यांचा इतिहास छापला, त्यात त्यानंही हा मृत्यू मराठी राज्याला पानिपतापेक्षा कमी महाग पडला नाही असा हिशोब मांडला आहे. म्हणजे साहेबालाही 'असता तर'चं खातं उघडावंच लागलं. जयंत नारळीकरांनी तर 'गंगाधरपंतांचे पानिपत' या कथेत एका प्राध्यापकालाच उचलून, मराठे पानिपत जिंकलेल्या जगात नेऊन सोडलं. प्राध्यापकांची अशी खोड शास्त्रज्ञच मोडू जाणे.

माधवराव जगले असते तर? लढाई आमच्या अंगणात जिंकली, पण बीड निजामाच्या राज्यातून सुटलं ते १७ सप्टेंबर १९४८ ला, म्हणजे १८५ वर्षांनी. मधल्या काळात हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठ निघालं, १९१८ साली, उर्दू माध्यमाचं. पुण्याची पोरं तर्खडकरी भाषांतरमाला घोकत होती तेव्हा आमचे आजोबा बीडमध्ये 'अगर बारिश होती तो फसल आती' म्हणत होते. हीही तराजूची भाषा, दोन्ही पारडी सारखी. आमच्या साहेबांच्या त्या 'वुड'ला मराठी एकटीच जबाबदार आहे असं मला वाटत नाही. थोडा भार निजामावरही टाकायला हवा.

एवढं असून या चौथ्या काळाला सरकारदरबारी मान्यता आहे. पीकविम्याच्या नियमांत 'उंबरठा उत्पन्न' असतं. मागच्या सात वर्षांतली चांगली पाच वर्षं धरायची, त्यांची सरासरी काढायची आणि तिला जोखीमस्तरानं गुणायचं. सरासरी दहा क्विंटल आणि जोखीमस्तर ७० टक्के असेल तर उंबरठा सात क्विंटल. कापणी प्रयोगात महसूल मंडळाचं उत्पन्न सातच्या खाली उतरलं तरच भरपाई. म्हणजे 'आलं असतं' या क्रियापदाचा सरकारी दर ठरलेला आहे, आणि तो मागच्या वर्षांवरून ठरतो. एखाद्या मंडळात दुष्काळ लागोपाठ पडला की चांगली पाच वर्षं म्हणून कमी वाईट वर्षं निवडावी लागतात. सरासरी सहावर येते, उंबरठा चारच्या जवळ. पीक तर बुडतंच, 'आलं असतं' तेही दरसाल बारीक होत जातं.

मागे गेवराईच्या बसस्थानकावर एका बप्पांनी मला ओळखून गाठलं.

"साहेब, पाऊस झाला असता तर माझं एकरी दहा क्विंटल आलं असतं. तुमचा कागद सात म्हणतो. मधलं तीन क्विंटल कुणी नेलं?"

न पडलेल्या पावसातलं, न उगवलेलं तीन क्विंटल. कॉमर्सला आम्हाला घसारा शिकवला, बुडीत कर्ज शिकवलं, हे कुठल्या बाजूला लिहायचं ते शिकवलं नाही. कागद बँकेचा नाही, विमा कंपनीचा आहे, एवढं मी त्यांना सांगून पाहिलं. बप्पांनी मान हलवली, शेजारची पिशवी मांडीवर घेऊन मला बाकावर जागा करून दिली आणि माझी गाडी लागेपर्यंत मागच्या नऊ वर्षांचा पाऊस महिन्यावार सांगितला.